माल्कम डेव्हिड वँकलिन

लेफ्टनंट कमांडर माल्कम डेव्हिड वँकलिन (जन्म : २८ जून १९११, कोलकाता, बेपत्ता : एप्रिल १९४२, भूमध्य समुद्र) हे ब्रिटिश शाही नौदलातील पाणबुडी अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावरून त्यांनी ‘अपहोल्डर’ या लहान पाणबुडीचे नेतृत्व केले. सुमारे सव्वा वर्षाच्या काळात या पाणबुडीने इटली आणि जर्मनी यांच्या जहाजांचे जवळपास १,२०,००० टनांचे नुकसान केले. २४ मे १९४१ रोजी सिसिलीच्या किनाऱ्याजवळ केलेल्या हल्ल्याबद्दल वँकलिन यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च युद्धकालीन शौर्यसन्मान मिळाला. याशिवाय डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हे पदकही त्यांना एकंदर तीन वेळा देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले पाणबुडी अधिकारी होत.

पूर्वायुष्य

वँकलिन यांचा जन्म तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानात, कोलकाता येथे एका सधन कुटुंबात झाला. त्यांचे बालपण मात्र मुख्यतः इंग्लंडमध्ये गेले. समुद्राची ओढ त्यांना लहानपणापासून होती. त्यांचे एक काका पहिल्या महायुद्धात विनाशिकेचे कप्तान होते आणि जर्मन पाणबुड्यांची शिकार करणे हे त्यांचे काम होते. पुतण्याने पुढे स्वतःच पाणबुडी चालवावी आणि विनाशिकांपासून जीव वाचवत फिरावे, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षी, १९२५ मध्ये, त्यांनी डार्टमथ येथील नौदल महाविद्यालयात प्रवेश घेतला. शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी मोठ्या युद्धनौकांवर उमेदवारी केली आणि १९३३ मध्ये ते पाणबुडी शाखेत दाखल झाले. त्या काळी या शाखेत जाणे फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. तेलाचा वास, कोंदट हवा, अंगावरच्या मळकट कपड्यांनिशी काढावे लागणारे दिवस यांमुळे पृष्ठभागावरील नौदलाचे अधिकारी पाणबुडीवाल्यांकडे काहीशा दुरूनच पाहत. मात्र तरुण अधिकाऱ्याला लवकर स्वतंत्र जबाबदारी मिळे ती याच शाखेत. १९३८ मध्ये माल्टा येथे त्यांचा बेटी किनलॉक यांच्याशी विवाह झाला. पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि त्याच वर्षी युद्ध सुरू झाले.

१९४० च्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे ‘एच ३१’ या जुन्या पाणबुडीचे नेतृत्व आले. उत्तर समुद्रातील गस्तीत जुलै महिन्यात त्यांनी एक जर्मन पाणबुडीविरोधी नौका बुडवली. ऑगस्टमध्ये त्यांची नेमणूक बॅरो येथील गोदीत तयार होत असलेल्या ‘अपहोल्डर’वर झाली.

पाणबुडी आणि तिचा तळ

‘अपहोल्डर’ ही यू वर्गातील पाणबुडी होती. या वर्गाचा मूळ आराखडा युद्धासाठी केलेलाच नव्हता. विनाशिकांच्या खलाशांना पाणबुडी शोधण्याचा सराव देण्यासाठी लहान, स्वस्त पाणबुड्या असाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू होता. युद्ध जवळ आल्यावर त्यांना शस्त्रे चढवण्यात आली. लांबी सुमारे ५८ मीटर, पृष्ठभागावरील वेग ताशी जेमतेम ११ सागरी मैल, आणि आत तीसपेक्षा थोडे अधिक लोक. शत्रूचे जलद जहाज एकदा पुढे निघून गेले की त्याचा पाठलाग करणे या पाणबुडीला शक्य नव्हते. त्यामुळे आधीच योग्य जागी जाऊन वाट पाहत राहणे हीच तिची युद्धपद्धती होती. लहानपणाचा एक फायदा मात्र होता. भूमध्य समुद्राचे पाणी इतके नितळ असते की काही मीटर खोलीवरची पाणबुडीसुद्धा विमानातून दिसते. अशा पाण्यात आकाराने लहान आणि बुडी मारण्यास चपळ पाणबुडी मोठ्या पाणबुडीपेक्षा अधिक काळ टिकून राही.

जानेवारी १९४१ मध्ये ‘अपहोल्डर’ माल्टाला पोहोचली. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या इटालियन सैन्याला, आणि फेब्रुवारीपासून रोमेलच्या जर्मन सैन्यालाही, सगळी रसद इटलीहून समुद्रमार्गे त्रिपोलीला न्यावी लागे. माल्टा नेमके त्या वाटेवर होते. म्हणूनच या बेटावर बॉम्बहल्ल्यांचा वर्षाव झाला आणि म्हणूनच ब्रिटनने ते सोडले नाही. पाणबुड्यांचा तळ मानोएल बेटावरील लाझारेत्तो या जुन्या इमारतीत होता. पूर्वी साथीच्या रोगांच्या भीतीने प्रवाशांना येथे अडकवून ठेवले जाई. ताफ्याचे प्रमुख जॉर्ज सिम्पसन हे कल्पक गृहस्थ होते. अन्नटंचाई ओळखून त्यांनी तळावर डुकरे पाळली होती. पुढे हल्ले वाढले तेव्हा गस्तीहून परतलेल्या पाणबुड्यांना दिवसा बंदरातच बुडी मारून तळाशी बसावे लागे. दोन गस्तींच्या मधली विश्रांतीसुद्धा अशी पाण्याखाली काढावी लागत असे.

अपयशाचे महिने

वँकलिन यांची सुरुवात चांगली झाली. पहिल्याच गस्तीत, जानेवारीच्या अखेरीस, त्यांनी ‘ड्युइसबुर्ग’ या जर्मन मालवाहू जहाजाला जबर तडाखा दिला. त्यानंतर मात्र एकामागून एक गस्ती रिकाम्या गेल्या. सोडलेले टॉर्पेडो लक्ष्याच्या पुढून किंवा मागून निघून जात.

येथे टॉर्पेडोच्या हल्ल्यामागील गणित समजून घेतले पाहिजे. टॉर्पेडो जहाजाच्या दिशेने सोडायचा नसतो. जहाज थोड्या वेळाने जेथे पोहोचणार असेल, तेथे तो सोडावा लागतो. त्यासाठी शत्रूच्या जहाजाचा वेग, दिशा आणि अंतर या तीन गोष्टी कप्तानाला पेरिस्कोपमधून काही सेकंद पाहून ठरवाव्या लागत. पेरिस्कोप अधिक वेळ वर राहिला तर पाण्यावर उठणारी त्याची रेघ पहारेकऱ्यांना दिसे. डोलकाठीची उंची, जहाजाच्या नाळेपाशी उसळणारा फेस, पंख्यांच्या फेऱ्यांचा आवाज, अशा तुटपुंज्या खुणांवरून अंदाज बांधायचा. वेगाच्या अंदाजात थोडी चूक झाली, तरी काही हजार मीटरवर टॉर्पेडो जहाज सोडून जात असे. वँकलिन बराच दूर राहून मारा करत आणि तेथेच त्यांचे अंदाज फसत होते.

माल्टातील टॉर्पेडोंचा साठा मोजका होता आणि प्रत्येक टॉर्पेडो धोका पत्करून आणावा लागे. एवढा साठा वाया घालवणाऱ्या कप्तानाला पदावर ठेवावे की नाही, असा प्रश्न सिम्पसन यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी थोडे थांबायचे ठरवले. ब्रिटिश नौदलाच्या इतिहासात या निर्णयाला जितके महत्त्व मिळायला हवे होते तितके मिळालेले नाही.

एप्रिलच्या अखेरीस चित्र पालटले. २५ एप्रिल रोजी ट्युनिशियाजवळील केर्केना बेटांच्या परिसरात वँकलिन यांनी ‘अंतोनिएत्ता लाउरो’ हे साडेपाच हजार टनांचे इटालियन जहाज बुडवले. या वेळी त्यांनी जवळ जाऊन मारा केला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी अधिक धाडसी काम केले. काही दिवसांपूर्वी झालेल्या चकमकीत ‘आर्टा’ हे जर्मन जहाज उथळ पाण्यात रुतून बसले होते आणि त्यावर रोमेलच्या सैन्याची वाहने व सामग्री होती. ‘अपहोल्डर’ रात्री पृष्ठभागावरून त्याच्यापर्यंत गेली. तेथे पाणी इतके उथळ होते की शत्रू आला असता तर बुडी मारायला जागाच नव्हती. पाणबुडीतील एक तुकडी जहाजावर चढली आणि स्फोटके लावून तिने ते पेटवून दिले. त्यानंतर १ मे रोजी एका काफिल्यावर हल्ला करून ‘आर्क्टुरस’ आणि ‘लेव्हरकुसेन’ ही दोन जर्मन जहाजे बुडवण्यात आली. वँकलिन यांना पहिली डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली ती या कामगिरीबद्दल.

‘कोंते रोस्सो’वरील हल्ला

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात ‘अपहोल्डर’ सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर गस्त घालत होती. आधीच्या हल्ल्यांत बहुतेक टॉर्पेडो खर्च झाले होते. दोनच शिल्लक होते. त्यातच पाण्याखालचे आवाज टिपणारे श्रवणयंत्र बिघडले. पाणबुडी खोल गेली की तिला डोळे नसतात, कानच असतात. ते कानही गेल्यावर गस्त सोडून परत फिरणे नियमाला धरूनच झाले असते. वँकलिन थांबले.

२४ मे रोजी संध्याकाळी, सूर्य मावळल्यानंतर, सिराक्यूजच्या दक्षिणेकडे मोठ्या जहाजांचा एक काफिला दिसला. ‘कोंते रोस्सो’, ‘मार्को पोलो’, ‘एस्पेरिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ ही चार प्रवासी जहाजे सैनिकांना घेऊन त्रिपोलीकडे निघाली होती. सभोवती विनाशिका आणि टॉर्पेडो नौका होत्या, आणि दूर अंतरावर क्रूझरही संरक्षणाला होते. उजेड झपाट्याने कमी होत होता. पेरिस्कोपमधून नीट दिसत नव्हते, पण पृष्ठभागावर यावे तर पाणबुडी शत्रूला दिसेल एवढा प्रकाश होता. श्रवणयंत्र बंद असल्यामुळे संरक्षक नौका कोठून कोठे वळत आहेत हे कळण्याचा मार्ग नव्हता.

या सर्व अडचणींवर वँकलिन यांनी काढलेला उपाय म्हणजे आणखी जवळ जाणे. संरक्षक नौकांची रांग पार करून ते काफिल्याच्या अगदी निकट पोहोचले. टॉर्पेडो सोडण्याच्या बेतात असतानाच अंधारातून एक विनाशिका भरवेगाने समोर आली. ती पाणबुडीवर आदळण्याची वेळ थोडक्यात टळली. वाट मोकळी होताच त्यांनी पेरिस्कोप पुन्हा लक्ष्यावर स्थिर केला आणि उरलेले दोन्ही टॉर्पेडो सोडले. ‘कोंते रोस्सो’ हे १७,८७९ टनांचे जहाज अवघ्या काही मिनिटांत बुडाले.

त्यानंतरच्या २० मिनिटांत ‘अपहोल्डर’वर ३७ डेप्थ चार्ज टाकण्यात आले. विनाशिका डोक्यावर येत आहे की दूर जात आहे हे सांगणारे यंत्र नसताना केव्हा वळायचे, केव्हा खोल जायचे आणि केव्हा यंत्रे थांबवून स्तब्ध राहायचे, हे वँकलिन यांना केवळ शांतपणे विचार करून ठरवावे लागले. जवळच्या स्फोटांनी दिवे फुटावेत, अंगावर रंगाचे पापुद्रे गळावेत, अशा अवस्थेत तीस-बत्तीस माणसे एका माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत असतात. हल्ल्याच्या वेळी त्यांचा आवाज कधी चढला नाही, असे त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींतून कळते. ‘अपहोल्डर’ सुखरूप माल्टाला परतली.

‘कोंते रोस्सो’वर सुमारे २,७०० माणसे होती, त्यांपैकी १,२९७ मृत्युमुखी पडली. विजयाच्या वर्णनात हा आकडा पुष्कळदा गाळला जातो. हे जहाज भारतालाही अनोळखी नव्हते. स्कॉटलंडमध्ये बांधलेले हे आलिशान जहाज १९३० च्या दशकात इटलीहून मुंबईमार्गे शांघायला जात असे. युरोपातून जीव वाचवून शांघायला निघालेल्या अनेक ज्यू कुटुंबांनी याच जहाजाने प्रवास केला होता.

व्हिक्टोरिया क्रॉसची अधिकृत घोषणा डिसेंबर १९४१ मध्ये झाली.

सप्टेंबर १९४१ आणि नंतर

त्या उन्हाळ्यात ‘अपहोल्डर’ने आणखी काही मालवाहू जहाजे बुडवली आणि २८ जुलै रोजी ‘जुझेप्पे गारिबाल्दी’ या इटालियन क्रूझरला निकामी केले. मात्र युद्धकौशल्य म्हणून पाहिले, तर १८ सप्टेंबरची कामगिरी ‘कोंते रोस्सो’पेक्षाही सरस ठरावी.

सैनिकांनी भरलेली ‘नेपच्यूनिया’, ‘ओशेनिया’ आणि ‘व्हल्कानिया’ ही तीन जहाजे त्रिपोलीकडे येत असल्याची खबर मिळाल्यावर सिम्पसन यांनी चार पाणबुड्या त्यांच्या वाटेवर पेरल्या. पहाटेच्या अंधारात जहाजे दिसली तेव्हा ‘अपहोल्डर’चा घूर्णक होकायंत्राचा संच बंद पडलेला होता. साध्या चुंबकीय होकायंत्रावर पाणबुडी सरळ ठेवणे लाटांमुळे अशक्य झाले होते. तिचे नाक सतत डावी-उजवीकडे हेलकावत होते. अंतरही साडेचार किलोमीटरच्या आसपास होते. वँकलिन यांनी हेलकाव्याशी झुंजण्याऐवजी त्याचाच उपयोग केला. नाक एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरत असताना, ज्या क्षणी ते हव्या त्या दिशेवरून सरके त्या क्षणी त्यांनी एकेक टॉर्पेडो सोडला. चार टॉर्पेडोंनी दोन्ही जहाजांचा वेध घेतला. ‘नेपच्यूनिया’ बुडाले आणि ‘ओशेनिया’ लंगडे होऊन थांबले. पाण्याखाली जाऊन नळ्या पुन्हा भरल्यानंतर उजाडता उजाडता ‘अपहोल्डर’ परत आली. एका विनाशिकेने तिला खाली जायला भाग पाडले, तेव्हा ती ‘ओशेनिया’च्या खालूनच पलीकडे गेली आणि त्या बाजूने मारा करून तिने जहाज बुडवले. ‘अनबीटन’ ही दुसरी ब्रिटिश पाणबुडी त्याच जहाजावर नेम धरून होती. तिच्या डोळ्यांदेखत लक्ष्य नाहीसे झाले. दोन्ही जहाजे प्रत्येकी १९,००० टनांहून मोठी होती. इटालियन विनाशिकांनी अत्यंत तत्परतेने बचावकार्य केल्यामुळे जहाजांवरील बहुसंख्य सैनिक वाचले.

९ नोव्हेंबरला ‘लिबेच्चो’ ही इटालियन विनाशिका ‘अपहोल्डर’च्या टॉर्पेडोला बळी पडली. त्या वेळी ती रात्रीच्या लढाईत बुडालेल्या जहाजांवरील माणसांना पाण्यातून काढण्याच्या कामात होती. ५ जानेवारी १९४२ रोजी सिसिलीच्या उत्तरेला ‘अम्मिराल्यो सां बोन’ ही मोठी इटालियन पाणबुडी बुडाली. तिच्यातील तिघांनाच ‘अपहोल्डर’ला वाचवता आले. १८ मार्चला ब्रिंदिसीजवळ ‘त्रिकेको’ ही दुसरी पाणबुडी बुडवण्यात आली.

या दोहोंच्या मध्ये, २७ फेब्रुवारीला, ‘तेम्बियेन’ या मालवाहू जहाजावर हल्ला झाला. या जहाजातून शत्रूने पकडलेले मित्रपक्षांचे युद्धकैदी इटलीला नेले जात होते आणि त्यांतील शेकडो जण बुडून मरण पावले. पेरिस्कोपमधून जहाज दिसते, त्याच्या तळघरात कोण कोंडले आहे ते दिसत नाही. या युद्धात अशा घटना अनेक पाणबुड्यांच्या हातून घडल्या. वँकलिन यांच्या चरित्रात ही नोंद असणे आवश्यक आहे.

व्यक्तिमत्त्व

वँकलिन उंच, सडपातळ आणि दाढीधारी होते. ते मितभाषी होते. गळ टाकून मासे पकडण्याचा त्यांना नाद होता, आणि त्यासाठी लागणारा धीर त्यांच्या युद्धपद्धतीतही दिसतो. यशाचे श्रेय ते सहकाऱ्यांना देत. त्यांचे दुय्यम अधिकारी मायकेल क्रॉफर्ड हे पुढे स्वतः पाणबुडीचे कप्तान झाले आणि शंभर वर्षांचे आयुष्य लाभून २०१७ मध्ये निवर्तले. त्यांच्यामुळे ‘अपहोल्डर’च्या आतील दिनक्रमाची बरीच माहिती पुढील पिढ्यांना मिळाली. ‘अर्ज’ या पाणबुडीचे कप्तान टॉमकिन्सन हे वँकलिन यांचे जिवलग मित्र होते.

युद्धाने त्यांना थकवले होते. १९४१ च्या वसंतात ‘अस्क’ आणि ‘अनडॉन्टेड’, ऑगस्टमध्ये ‘पी ३२’ आणि ‘पी ३३’, अशा एकेक पाणबुड्या माल्टाहून निघून परत आल्या नव्हत्या. प्रत्येकीबरोबर ओळखीची तीस-तीस माणसे गेली होती. ‘अपहोल्डर’ला इंग्लंडला परत पाठवण्याचे ठरले. त्याआधी एक गस्त बाकी होती.

अखेरची गस्त

६ एप्रिल १९४२ रोजी ‘अपहोल्डर’ने माल्टा सोडले. ही तिची पंचविसावी गस्त मानली जाते. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर रात्री गुप्तहेर उतरवण्याचे काम पार पडले. हे काम करून देणारे लष्करी अधिकारी कॅप्टन रॉबर्ट विल्सन यांना ११ एप्रिलला समुद्रातच ‘अनबीटन’ पाणबुडीवर पोहोचवण्यात आले. ‘अपहोल्डर’मधील माणसांना जिवंत पाहणारे ते अखेरचे.

त्यानंतर ‘अर्ज’ आणि ‘थ्रॅशर’ या पाणबुड्यांसह त्रिपोलीच्या वाटेवर काफिला अडवण्याचा आदेश तिला मिळाला. १४ एप्रिल रोजी ‘पेगासो’ या इटालियन टॉर्पेडो नौकेने त्या भागात एका पाणबुडीवर डेप्थ चार्ज टाकले, आणि ‘अर्ज’वरील लोकांनी दूरवर स्फोट ऐकले. त्यामुळे बराच काळ हीच ‘अपहोल्डर’च्या अंताची घटना समजली गेली. काही अभ्यासकांच्या मते तिचा अंत याआधीच पाणसुरुंगावर आदळून झाला असावा. जर्मन विमानांच्या हल्ल्याची शक्यताही मांडली गेली आहे. ‘अपहोल्डर’ची जागा निर्विवादपणे निश्चित झालेली नाही. तिच्यातून कोणीही वाचले नाही. वँकलिन त्या वेळी तीस वर्षांचे होते.

१५ एप्रिल रोजी माल्टा बेटाला जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, माल्टाहून निघालेली ‘अर्ज’ पाणसुरुंगावर आदळून टॉमकिन्सन यांच्यासह बुडाली. तिचे अवशेष २०१९ मध्ये माल्टाजवळ सापडले.

मृत्यूनंतर

‘अपहोल्डर’ नाहीशी झाल्याची घोषणा ब्रिटिश नौदलाने ऑगस्ट १९४२ मध्ये केली. पाणबुडी बुडाल्याची सूचना एरवी एक-दोन कोरड्या ओळींची असे. या वेळी मात्र प्रथा मोडून पाणबुडीचा आणि तिच्या कप्तानाचा खास गौरव करण्यात आला. व्हिक्टोरिया क्रॉस राजाच्या हातून घेण्याचा प्रसंग वँकलिन यांच्या आयुष्यात आलाच नाही. ते पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

१९८६ मध्ये ब्रिटनने नव्या डिझेल-विद्युत पाणबुड्यांच्या वर्गाला आणि त्यातील पहिल्या पाणबुडीला ‘अपहोल्डर’ हे नाव दिले. ही पाणबुडी पुढे कॅनडाला विकण्यात आली आणि तेथे तिचे नाव ‘शिकुटिमी’ असे झाले.